जमीन वाढत नाही, पण प्लॉट वाढतात



गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा विषय निघाला की शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्या जोडीला एक नवीन कारण ऐकू येतंय. "प्लॉट घ्यायचाय." कुणाला लातूरच्या रिंगरोडच्या पलीकडं घ्यायचा असतो, कुणाला नांदेडच्या बाहेर, कुणाला आपल्याच तालुक्याच्या गावी. कशासाठी, असं विचारलं की उत्तर जवळजवळ पाठ असतं. "जमीन काही वाढत नाही. माणसं वाढतात. म्हणजे भाव वाढतच जाणार."

हे वाक्य प्लॉट विकणारे एजंट सांगतात आणि ते ऐकायला पटतं. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

प्लॉट घेऊच नका, असं मला सांगायचं नाही. प्लॉटचा भाव कशानं वाढतो, कशानं थांबतो, आणि आपल्या गटाचा पैसा त्यात घालायचा की नाही हे आपणच कसं तपासायचं, एवढंच बघू.

भाव ठरतो कसा?

हे आपल्याला शिकवायची गरजच नाही, आपण ते रोज जगतो. आठवडी बाजारात दोघीच मेथी घेऊन आल्या तर जुडी चढ्या भावानं जाते. वीस जणी आल्या तर संध्याकाळी तीच जुडी मिळेल त्या पैशाला द्यावी लागते. मेथी तीच, माणसं तीच. बदलली ती आवक. माल किती आला हा पुरवठा, आणि पैसे घेऊन विकत घ्यायला किती जण उभे आहेत ही मागणी.

सोयाबीनचं आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. घरोघरी हाच विषय होता. पण तो भाव कधीचा? बहुतेकांच्या घरात सोयाबीन शिल्लक नव्हतं तेव्हाचा. मग नवीन पिकाची आवक सुरू झाली, बाहेरून सोयापेंडही आली, आणि दिवाळीच्या आत भाव पाच-सहा हजारांच्या घरात आला. पुढं २०२४ च्या हंगामात तर हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. दहा हजारांचा भाव ऐकून ज्यांनी हिशेब मांडला, त्यांचा हिशेब चुकला.

यातून एक गोष्ट पक्की धरा. कालचा भाव हा उद्याच्या भावाचा शब्द नसतो. प्लॉटलाही हेच लागू आहे. पण सोयाबीन आणि प्लॉट यांत तीन मोठे फरक आहेत.

पहिला, सोयाबीन मोंढ्यात नेलं की त्याच दिवशी विकलं जातं, भाव कमी मिळाला तरी. प्लॉटला मोंढा नाही. त्याला एक गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि ते मिळायला महिने जातात, कधी वर्षं जातात.

दुसरा, सोयाबीनचा भाव पेपरात, मोबाइलवर रोज येतो. प्लॉटचा भाव एजंटच्या तोंडातून येतो. तो सांगितलेला भाव असतो, पटलेला भाव वेगळा असतो.

तिसरा, भाव पडला तर सोयाबीन घरात ठेवता येतं, पेरायला किंवा तेलाला वापरता येतं. मोकळा प्लॉट नुसता पडून असतो. दूध देत नाही, पीक देत नाही. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

पुरवठा : जमीन वाढत नाही, प्लॉट वाढतात

आता एजंटच्या वाक्याकडं वळू. मुंबईला तीन बाजूंनी पाणी आहे. शहर पसरायला जागा कमी, म्हणून तिथं इंचाइंचाला किंमत. आपल्या लातूरच्या चारही बाजूंना काय आहे? शेतं. नांदेडला गोदावरी आहे, तरी नदी सोडली तर तिथंही रस्त्यारस्त्यानं शेतंच आहेत. म्हणजे आज जिथं तूर उभी आहे, तिथं उद्या लेआउट पडू शकतो.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून एका एकरात हजार-बाराशे चौरस फुटांचे वीस-पंचवीस प्लॉट निघतात. एका रस्त्यावर दहा शेतकऱ्यांनी दोन-दोन एकरांचे लेआउट पाडले, तर चारशे-पाचशे प्लॉट एकदम बाजारात येतात. त्या रस्त्यावर दर वर्षी घर बांधायला पन्नासच कुटुंबं येत असतील, तर सगळे प्लॉट भरायला आठ-दहा वर्षं लागतील. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर आणखी लेआउट पडलेले असतात.

म्हणून जमीन वाढत नसली तरी प्लॉट वाढतात. मेथीच्या वीस जुड्यांसारखंच आहे हे.

मग पुरवठा खरोखर कमी कुठं असतो? जिथं नवीन प्लॉट तयारच होऊ शकत नाहीत तिथं. बाजारपेठेच्या आत, बसस्टँडजवळ, शाळा-दवाखान्याच्या शेजारी, जुन्या भरलेल्या वस्तीत. अशा ठिकाणचा भाव सहसा टिकतो. पण तो आधीच एवढा असतो की आपल्या हातात येत नाही. आपल्याला परवडतो तो लांबचा प्लॉट, आणि लांब तर पुरवठा भरपूर असतो. ही खरी अडचण आहे.

पुरवठ्याला कायद्याचाही दरवाजा असतो. शेतजमिनीचे वाटेल तसे तुकडे करून विकता येत नाहीत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये आपल्याकडं जिरायतीसाठी किमान २० गुंठे आणि बागायतीसाठी किमान १० गुंठे असं क्षेत्र ठरवलं गेलं. त्याहून लहान तुकड्याची खरेदी सहजासहजी नोंदवली जात नाही. २०२५ मध्ये काही भागांसाठी हे नियम सैल करायचं सरकारनं ठरवलं. पण आपण बघतोय तो गट नंबर त्यात बसतो का, हे एजंटला न विचारता तहसील कार्यालयात विचारायचं.

एक-दोन गुंठे स्वस्तात, बॉण्ड पेपरवर लिहून देतो असं कुणी म्हणालं तर ते स्वस्त का आहे याचा विचार करा. त्याची रजिस्ट्री होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, बँक त्यावर कर्ज देत नाही. म्हणजे उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा शहाणं गिऱ्हाईक येणार नाही. मागणीच नाही, म्हणून ते स्वस्त आहे.

मागणी : खरी की ऐकीव?

आता दुसरी बाजू. मागणी म्हणजे नुसती इच्छा नाही. तिथं राहायला, दुकान टाकायला किंवा भाड्यानं घ्यायला खरोखर तयार असलेली आणि खिशात पैसे असलेली माणसं म्हणजे मागणी. आपल्या दोन जिल्ह्यांतली उदाहरणं बघू.

लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, त्यांना घरं लागली. ही खरी मागणी. नंतर बारावीचा 'लातूर पॅटर्न' गाजला. आजही आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं-मुली अकरावी-बारावीला, नीट-जेईईच्या तयारीला लातूरला येतात. त्यांना खोली लागते, मेस लागते, वह्या-झेरॉक्स लागते. ट्यूशन एरियात खोल्यांना भाव आहे तो यामुळं.

पण हीच मागणी एका पायावर उभी आहे, हेही लक्षात ठेवा. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लास बंद झाले, मुलं गावी गेली, खोल्यांना कुलूपं लागली. ज्यांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या त्यांचा हप्ता मात्र गावी गेला नाही. मागणी कशावर उभी आहे आणि तो खांब हलला तर काय, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वाऱ्यामुळं देशभरातून यात्रेकरू येतात. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या निमित्तानं शहरात रस्ते, पूल, घाट यांची मोठी कामं झाली. विष्णुपुरीकडं विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. विद्यार्थी, कर्मचारी, रुग्णांचे नातेवाईक रोज येतात-जातात. हीही डोळ्यांना दिसणारी मागणी आहे. पण त्याच शहरात गोदाकाठच्या सखल भागातला प्लॉट मात्र दोनदा तपासायचा. तो पूररेषेच्या आत असेल तर बांधकामाला परवानगी मिळणं अवघड, आणि पुराचं पाणी घरात येणार ते वेगळंच.

आता ऐकीव मागणी. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना होणार म्हटल्यावर त्या बाजूच्या जमिनींची चर्चा सुरू झाली. भूमिपूजन झालं मार्च २०१८ मध्ये. पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला डिसेंबर २०२० मध्ये. वंदे भारत गाड्यांच्या कामाचा करार झाला २०२३ मध्ये. कारखाना खोटा नव्हता. पण बातमी येणं, काम सुरू होणं आणि कामगार कुटुंबासकट राहायला येणं यांत वर्षं जातात. ती वर्षं हप्ता आपण भरायचा असतो.

रस्त्यांचंही तसंच. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग यांची नावं घेऊन एजंट प्लॉट विकतात. शक्तिपीठच्या मार्गाला तर अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि मार्गात बदलही झाले आहेत. नकाशा पक्का होण्याआधी त्याच्या जोरावर पैसे घालणं म्हणजे बाजारात तुरी! आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. हे द्रुतगती मार्ग दोन्ही बाजूंनी बंद असतात. त्यावर कुठूनही चढता-उतरता येत नाही, ठरावीक ठिकाणीच येतं. म्हणजे शेताच्या बांधावरून महामार्ग गेला तरी तिथं हॉटेल, दुकान टाकता येईलच असं नाही. गाड्या समोरून जातील, थांबणार मात्र नाहीत.

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. आपल्या तालुक्यातली पोरं शिकली की जातात कुठं? पुण्याला. ती घर शोधतात तेही पुण्यातच. मग तालुक्याच्या बाहेर दोन किलोमीटरवरचा आपला प्लॉट दहा वर्षांनी घेणार कोण? त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो का बघा. शिक्षक? किराणा दुकानदार? शेजारच्या गावातलं कुटुंब? येत असेल तर मागणी आहे. "कुणीतरी घेईलच" हे मागणीचं उत्तर नव्हे.

भाव वाढूनही नफा होत नाही, तो कसा?

एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे आकडे घालून तुम्ही पुन्हा करा.

समजा प्लॉटची किंमत ४,००,००० रुपये. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून सहा-सात टक्के लागतात, आपण ७ टक्के धरू. ते झाले २८,०००. एकूण ४,२८,०००. त्यातले १,२८,००० घरचे आणि ३,००,००० कर्जाचे. कर्ज शेकडा एक रुपया महिना व्याजानं, तीन वर्षांसाठी.

दर महिन्याचा हप्ता येतो जवळजवळ १०,००० रुपये. तीन वर्षांत व्याज जातं साधारण ५८,७००. म्हणजे प्लॉट आपल्याला पडला ४,८६,७०० रुपयांना.

तीन वर्षांनी तो ५,००,००० ला विकला. लोक म्हणतील, "चारचे पाच झाले, लाखाचा फायदा!" पण एजंटचे दोन टक्के, म्हणजे १०,००० गेले. हातात आले ४,९०,०००. त्यातून ४,८६,७०० वजा करा. उरले ३,३००. भाव २५ टक्के वाढूनही जेमतेम तीन हजार. आणि घरचे १,२८,००० तीन वर्षं अडकले ते वेगळेच.

भाव तसाच राहिला तर? ४,००,००० ला विकून, दलाली देऊन, जवळजवळ ९५,००० चा तोटा. आणि गिऱ्हाईकच मिळालं नाही तर हिशेब मांडायचीही सोय नाही.

यात सगळ्यात मोठा आकडा मला तो दहा हजारांचा वाटतो. दर महिन्याला दहा हजार, प्लॉटमधून एक रुपयाही येत नसताना. तो हप्ता कुठून जाणार? दुधातून, मजुरीतून, की लेकीच्या फीमधून? आणि तो थकला तर दशसूत्रीतली नियमित परतफेड मोडते. मग पुढचं बँक कर्ज अडतं ते एकीचं नाही, सगळ्या दहा-बारा जणींचं. बँकेचं गटकर्ज उपजीविकेसाठी, घर बांधायला-दुरुस्त करायला, सावकाराचं महाग कर्ज फेडायला, घरच्या निकडीच्या गरजांसाठी असतं. भाव वाढेल या आशेवर मोकळा प्लॉट घेऊन ठेवायला ते नाही.

आपण विकणाऱ्या बाजूला असतो तेव्हा

आपण नेहमी घेणाऱ्याच असतो असं नाही. रस्त्यालगतचं शेत आपलंच असतं आणि दारात एजंट उभा असतो. तेव्हा मागणी-पुरवठ्याचा हाच नियम आपल्या बाजूनं वापरायचा.

एक, एकच गिऱ्हाईक असेल तर भाव तो ठरवतो. तीन असतील तर आपण ठरवतो. म्हणून पहिल्या माणसाकडून घाईनं इसार घेऊ नका. पेरणीच्या तोंडावर, दवाखान्यात पेशंट असताना, लग्न ठरलेलं असताना विकायला काढलं की समोरच्याला आपली घाई कळते. अडला हरी! अशा वेळी गटाचं लहान कर्ज कामाला येतं. पंचवीस-तीस हजारांसाठी एकराचा सौदा करावा लागू नये, यासाठीच तर आपण बचत करतो.

दोन, एकरानं विकलेलं शेत एजंट चौरस फुटानं विकतो. रस्ते, परवानग्या, मोजणी यांचा खर्च त्याला असतो हे खरं, पण शेजारी लेआउटमध्ये काय भाव चाललाय हे आपल्याला माहीत तर हवं.

तीन, "कागदावर किंमत कमी दाखवू" याला हो म्हणू नका. पुढं सरकारनं रस्त्यासाठी जमीन घेतली तर मोबदला ठरवताना आजूबाजूचे नोंदवलेले खरेदीखतच बघतात. कागदावर कमी दाखवलेली किंमत मग सगळ्या गावाला भोवते.

चार, हे सगळ्यात महत्त्वाचं. शेताला भाव आला की माहेरहून फोन येतो. "ताई, एक सही पाहिजे." ते हक्कसोडपत्र असतं. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. हक्क सोडायचा की ठेवायचा हा तुमचा निर्णय आहे. भावाशी नातं तुमचं आहे, त्यात मी काही बोलणार नाही. पण जमिनीचा आजचा भाव काय, तुमचा हिस्सा किती, आणि कागदात काय लिहिलंय हे समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. काय देतोय हे माहीत असताना दिलं तर ते देणं. माहीत नसताना दिलं तर ती फसगत.

घेण्याआधी करायच्या सहा गोष्टी

१. संध्याकाळी सात वाजता तिथं जा आणि दिवे मोजा. साठ प्लॉटच्या लेआउटमध्ये चार घरांत दिवा असेल, तर बाकीच्यांनी राहायला नाही, विकायला घेतलंय. उद्या तेही तुमच्यासोबत विकायला उभे असतील.

२. एजंटला नव्या प्लॉटचा भाव विचारू नका. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेल्या माणसाचा प्लॉट विकायचाय का, आणि कितीला, ते विचारा. मग त्या माणसालाही विचारा की गिऱ्हाईक किती दिवसांत आलं. पटलेला भाव इथं कळतो.

३. भाडं विचारा. भाव वाढेल म्हणून कुणी भाड्यानं राहत नाही. गरज असेल तरच राहतो. म्हणून भाडं सहसा खोटं बोलत नाही. शेजारचं वीस लाखांचं घर महिना पाच हजारांनी जात असेल, तर वर्षाचे साठ हजार, म्हणजे शेकडा तीन. किंमत फुगलीय का हे तिथं दिसतं.

४. पाणी बघा. एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणी असतं का, नळ आलाय का, टँकरला किती मोजावे लागतात, हे तिथं राहणाऱ्या बाईला विचारा. पुरुष रस्ता सांगतील, पाण्याचं बाईच सांगेल.

५. कागद बघा. सातबारा आणि त्यातला 'इतर हक्क' रकाना, फेरफार, अकृषिक परवानगी, मंजूर लेआउटचा नकाशा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा विक्रीचा प्रकल्प सहसा महारेराकडे नोंदवावा लागतो, त्याचा नंबर मागा. सरकारी बाजारमूल्य दर तक्ता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो. तो बाजारभाव नसतो, पण एजंटचा भाव त्याच्या कितीपट आहे हे तरी कळतं. मोबाइलवर जमत नसेल तर सीआरपी ताईंना सोबत घ्या.

६. खरेदी कुणाच्या नावावर? कर्ज तुमच्या गटातून, हप्ता तुमच्या कष्टातून, तर कागदावर नाव तुमचंही हवं. तयार घर महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. ती घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटसाठी नाही.

मग प्लॉट घ्यायचाच नाही का?

घ्यायचा, पण कशासाठी ते आधी ठरवून. तुम्हाला स्वतःला राहायचंय, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला यायचंय, घराखाली दुकान टाकायचंय, तर गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच आहात. मग दोन वर्षांनी भाव काय होईल याची फार चिंता नाही. कागद, पाणी आणि हप्त्याची सोय बघा, आणि पुढं व्हा. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही अशा कुटुंबांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

पण फक्त भाव वाढेल म्हणून घ्यायचा असेल तर एक साधा नियम पाळा. जो पैसा पाच-सात वर्षं लागणार नाही आणि ज्यावर कुणाला हप्ता द्यायचा नाही, तोच त्यात घाला. गटाचं कर्ज फिरतं राहायला हवं. शेळीत, दुकानात, गिरणीत घातलेला पैसा महिन्या-दोन महिन्यांत परत दिसू लागतो आणि पुढच्या मैत्रिणीच्या कामी येतो. प्लॉटमध्ये घातलेला पैसा गिऱ्हाईक येईपर्यंत मातीतच राहतो.

बैठकीत चर्चेसाठी

या महिन्याच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढून पुढचे प्रश्न बोला आणि ठराव वहीत लिहा.

आपल्या गावाजवळ गेल्या पाच वर्षांत किती लेआउट पडले आणि त्यांत घरं किती झाली?

आपल्या गटातल्या कुणी प्लॉट घेतलाय का? विकायला काढला तर आज काय भाव येईल?

राहायला नाही, फक्त भाव वाढेल म्हणून प्लॉट घ्यायचा असेल, तर गटानं कर्ज द्यायचं का? द्यायचं तर हप्त्याचं साधन आधी बघायचं का?

कुणाकडं हक्कसोडपत्राचा किंवा इसाराचा कागद आला, तर सही करण्याआधी गटात वाचून दाखवायचा, असा ठराव करता येईल का?

शेवटचा ठराव झाला तर ग्रामसंघाच्या बैठकीतही मांडा. कागद वाचता येणारी एक तरी जण प्रत्येक गटात असतेच, आणि तिला विचारायला फी लागत नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक